अडीच इंचांचं भोक

हेडसाहेबांच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुली, दोन्ही ठणठणीत, आणि एकीने रडायला सुरुवात केली की दुसरी लगेच तिला पाठिंबा द्यायची. लेकीला मदत म्हणून तिची आई दोन महिने परगावी जाऊन आली. येताना ती एक बातमी घेऊन आली, पण सांगितली कुणालाच नाही. पोरींच्या अंगरख्यांची चिमुकली बटणं लावताना तिच्या लक्षात आलं होतं, की गारठ्यात आपली बोटं आपलं ऐकत नाहीत.

दुसरं कुणी असतं तर चार दिवस शेक घेतला असता आणि विसरलं असतं. पण ही बाई घड्याळं दुरुस्त करायची. वडिलांकडून शिकलेली विद्या, वडिलांचंच टेबल, घराच्या मागच्या खोलीत मांडलेलं. डोळ्याला भिंग लावून ती बसली की जगात काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नसे. गल्ली तिला घड्याळकाकू म्हणायची, म्हणून आपणही काकूच म्हणू. हेडसाहेब नगरपालिकेच्या परवाना कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती. खुर्ची गेली, शिपाई गेला, घंटी गेली, पण 'हेडसाहेब' तेवढं राहिलं. हाक मारणारा थट्टेने मारत असला तरी ते ओ देत गंभीरपणानेच.

थंडी सुरू झाली आणि एके सकाळी हेडसाहेब चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत गेले. काकू चिमट्याने एक चाक उचलत होत्या. चाक पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा काकूंनी चिमटा शांतपणे पुसला आणि टेबलाखालच्या लाकडी पेटीत ठेवून दिला.

"हे काय?" हेडसाहेब म्हणाले.

"आवरतेय हळूहळू. ही थंडी संपेपर्यंत हातातली कामं देऊन टाकते. मग टेबल बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद. कचेरी सुटते तशी."

त्या टेबलाने लेकीचं शिक्षण केलं होतं. त्या टेबलाच्या जोरावर हेडसाहेब कचेरीत ताठ मानेने वागले होते आणि कुणाच्या पाकिटाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण गेल्या तीस वर्षांत त्यांनी ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. असल्या गोष्टींना आवक-जावक क्रमांक नसतो, त्यामुळे त्या राहून जातात.

त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की मागच्या खोलीत ऊब देणारं यंत्र बसवायचं.

सल्ला मागितला नव्हता, पण तो आला. काकूंचा भाऊ, म्हणजे हेडसाहेबांचा मेहुणा, बातमी कळताच हजर झाला. "भाऊजी, यंत्रबिंत्र कशाला? कोळशाची शेगडी ठेवा पायाशी."

"धुराची काजळी बसते चाकांवर," काकू म्हणाल्या.

"मग विजेची शेगडी."

"आणि उन्हाळ्यात काय? पंखा लावता येत नाही मला. मागच्या वर्षी केसाएवढी स्प्रिंग उडाली ती अजून सापडली नाही. पंख्याविना बसावं तर कपाळाचा घाम टपकतो घड्याळात."

समोरच्या वहिनींनी लोकरीचे अर्धे मोजे सुचवले, बोटं उघडी राहतील असे. त्यावर मेहुणा म्हणाला की मुळात उघडी राहतात तीच गार पडतात. दोघांचा यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी हेडसाहेबांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला: गरम आणि थंड दोन्ही करणारा एसी. एक पेटी आत भिंतीवर, एक बाहेर, मध्ये तांब्याची नळी. नळीसाठी भिंतीला अडीच इंचांचं भोक. एवढंच.

हे 'एवढंच' लक्षात ठेवा.

आता त्या भिंतीविषयी सांगायला हवं. मागच्या खोलीच्या डाव्या भिंतीला शेजारच्या घराची खोली चिकटलेली होती. पार शेवटी मात्र दोन फुटांचा तुकडा मोकळा होता आणि त्याच्या पलीकडे दोन्ही घरांचा मिळून एक बोळ होता. भोक पडायचं ते त्या दोन फुटांत. आणि शेजारच्या घरात राहत होते मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, स्टेशनमास्तर. निवृत्त, विधुर, मुलगा समुद्रापार. मास्तर आणि हेडसाहेब गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पत्रव्यवहार मात्र नियमित होता. "महोदय, आपल्या झाडाची पानं माझ्या गच्चीवर पडत आहेत." "महोदय, आपलं पत्र मिळालं. पानं पडणं ही नैसर्गिक बाब आहे." अशी पत्रं दाराखालून सरकवली जात. भांडणाचं मूळ त्या चिकटलेल्या खोलीतच होतं. मास्तरांनी ती बांधायला काढली तेव्हा परवान्याचा अर्ज हेडसाहेबांच्याच टेबलावर आला. हेडसाहेबांनी तो परत पाठवला, कारण रकाना सतरा रिकामा होता. रकाना सतरा म्हणजे लगतच्या शेजाऱ्याची ना-हरकत सही. लगतचा शेजारी म्हणजे खुद्द हेडसाहेब. मास्तर अर्ज घेऊन संध्याकाळी घरी आले, तर हेडसाहेब म्हणाले, "कचेरीचं काम मी घरी करत नाही." कचेरीत गेले, तर म्हणाले, "शेजारी म्हणून सही करायची तर ती घरी. इथे मी शेजारी नाही." या येरझाऱ्यांत तीन आठवडे गेले. सही झाली, खोली झाली, बोलणं संपलं. आणि हेडसाहेबांना त्यात आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नव्हतं, हेही नोंदवलेलं बरं.

ठरल्या दिवशी एसीवाला पेट्या घेऊन आला. मनुष्य कामसू आणि अबोल. त्याने ड्रिलचं यंत्र काढलं, लांबलचक बिट लावलं आणि विचारलं, "भोक कुठे?"

"खूण मी करणार," हेडसाहेब म्हणाले. "मागच्या कोपऱ्यापासून एक फूट आठ इंच. टेप द्या."

आता या घरातल्या टेपची एक गोष्ट आहे. लेक सहा वर्षांची असताना तिने बाहुलीला पट्टा हवा म्हणून आईच्या कापडी टेपचा पहिला एक फूट कात्रीने कापला होता. नवी टेप आणू आणू म्हणता तीस वर्षं गेली. त्या घरात टेपची सुरुवात बारापासून होते, आणि कुठे खूण करायची असेल तर प्रत्येकजण मनातल्या मनात एक फूट वाढवून करतो. पडदे, कपाटं, लेकीचे झगे, सगळं असंच मापलेलं. हेडसाहेबांच्या हाडात ती सवय भिनली होती.

एसीवाल्याने त्यांना स्वतःची लोखंडी टेप दिली. ती शून्यापासून सुरू होणारी, अगदी शहाणी टेप होती. हेडसाहेबांनी ती कोपऱ्याला लावली, एक फूट आठ म्हणून मनात एक फूट वाढवला, आणि दोन फूट आठवर ठसठशीत फुली मारली. वर सहीही केली.

एसीवाला फुलीकडे पाहत म्हणाला, "साहेब, एक फूट आठ म्हणालात ना?"

"बरोबर आहे. आमच्याकडे असंच मोजतात."

"तुमची भिंत," एसीवाला म्हणाला आणि यंत्र चालू केलं.

वीस मिनिटं धुरळा उडाला. मग बिट एकदम सैल झालं, पलीकडे गेलं, आणि पलीकडून काहीतरी मोठं, लाकडी आणि काचेचं पडल्याचा आवाज आला. त्यानंतर एक बारीक, सुरेल घणघणाट झाला आणि थांबला.

काकूंनी हातातलं काम ठेवलं. "ते घड्याळ होतं," त्या म्हणाल्या. "लंबकाचं. आठ दिवसांच्या चावीचं."

भोकातून मास्तरांचा आवाज आला. अकरा वर्षांतला पहिला. "कोण आहे?"

हेडसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. एसीवाल्याने निष्ठेने सांगितलं, "हेडसाहेबांची खूण आहे, काका."

तासाभरात दाराखालून पत्र सरकलं. "महोदय, विषय: आपल्या भिंतीतून माझ्या खोलीत आलेल्या छिद्राबाबत." पत्रात म्हटलं होतं की भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या लग्नातलं असून ते सेहेचाळीस वर्षांत एकदाही थांबलेलं नव्हतं. बाकी काही मागणी नव्हती. हेडसाहेबांना तेच जास्त लागलं. मागणी असती तर फेटाळता आली असती.

एसीवाल्याने तेवढ्यात दुसरी अडचण काढली. बाहेरची पेटी बोळात टांगायची, बोळ दोन घरांचा, तर परवाना लागेल. "परवान्याशिवाय मी हात लावत नाही. मागे एकदा अडकलोय."

"परवाना?" हेडसाहेब पहिल्यांदा हसले. "परवाना माझ्यावर सोपवा."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले. खिडकीशी जी बाई होती तिला कामाला त्यांनीच लावलं होतं, आणि शिकवलंही त्यांनीच होतं. तिने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि अदबीने परत केला.

"साहेब, सतरा रिकामा आहे."

"अगं, ते शेजारी... आमचं जरा..."

"तुम्हीच सांगितलं होतंत साहेब. सतरा रिकामा असेल तर देवाचा अर्जही घ्यायचा नाही. मी तर ते लिहून ठेवलंय." आणि तिने काचेखालची चिठ्ठी दाखवली. अक्षर हेडसाहेबांचंच होतं.

घरी आले तर काकूंच्या टेबलावरचं भिंग नव्हतं. पेटीत गेलं होतं.

मग हेडसाहेबांनी माफीचं पत्र लिहायला घेतलं. तीस वर्षं पत्रं लिहिलेला माणूस, पण गाडी 'महोदय'पुढे जाईना. पहिला खर्डा: "नजरचुकीने घडलेल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे." काकूंनी तो वाचला आणि विचारलं, "कोण व्यक्त करतंय?" दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी टेपचा इतिहास दीड पान लिहिला आणि दोष बाहुलीवर टाकला. काकूंनी त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. तिसरा खर्डा गेला आणि संध्याकाळी परत आला. पाठीमागे मास्तरांनी लिहिलं होतं: "रकाना सतरासाठी घरी यावं. घरी आल्यास कचेरीत यावं." खाली सही आणि वेळ, सहा वाजून चार मिनिटं, पण 'चार'पुढे प्रश्नचिन्ह. घरात घड्याळ चालू नसल्याने मास्तरांना वेळेची खात्री नव्हती.

ते प्रश्नचिन्ह काकूंनी पाहिलं मात्र, त्या उठल्या आणि मागच्या खोलीत जाऊन भोकापाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "मास्तर, आहात का?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "आहे. मी कुठे जाणार?"

"घड्याळ द्या माझ्याकडे."

"तुमच्या यजमानांनी पाडलंय."

"यजमानांकडे नका देऊ. माझ्याकडे द्या."

घड्याळ आलं. मास्तरांनी ते स्वतः, टॉवेलात गुंडाळून, पुढच्या दाराने आणलं. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच या घरात आले, आणि हेडसाहेबांकडे न बघता सरळ मागच्या खोलीत गेले. काकूंनी घड्याळाचं मागचं दार उघडलं, आत पाहिलं, आणि बोटं चोळली. खोलीत इतका गारठा होता की तोंडातून वाफ निघत होती. त्यांनी एक खिळी धरली, ती सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली.

"होण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "पण या हातांनी नाही. निदान या गारठ्यात नाही. त्यासाठीच तर ते यंत्र आणलं होतं."

मास्तर त्या हातांकडे बघत राहिले. मग पहिल्यांदा त्यांनी हेडसाहेबांकडे पाहिलं. "यंत्र यांच्या हातांसाठी होतं?"

"मग काय माझ्यासाठी?" हेडसाहेब म्हणाले. "मला कसलं यंत्र लागतं? मी काय करतो दिवसभर? पत्रं लिहितो तुम्हाला." आणि मग, का कोण जाणे, त्यांचा आवाज खाली आला. "मास्तर, त्या वेळी मी सही करायला हवी होती. घरी आला होतात तेव्हाच. दारात. चूक माझी. टेपची नाही, माझी."

काकूंनी टेबलावरची एक खिळी उगाच या बाजूची त्या बाजूला ठेवली.

"अर्ज आणा," मास्तर म्हणाले.

रकाना सतरात त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: "हरकत नाही. अट: पडलेलं भोक बुजवू नये." आणि सही केली.

"बुजवू नये?" हेडसाहेबांनी विचारलं.

"त्यातून टिकटिक येते. या खोलीतली सगळी घड्याळं ऐकू येतात रात्रंदिवस. घड्याळ पडल्यापासून मी त्यावरच आहे." मास्तरांनी टॉवेलाची घडी घातली. "तिकडे फार शांत असतं, हो."

पण गोष्ट इथे संपली असती तर ती हेडसाहेबांची कसली? खिडकीवरच्या बाईने अर्ज पाहिला आणि पुन्हा अदबीने परत केला. "साहेब, सतरामध्ये अट लिहायला जागाच नाही. अटींचा रकाना होता पूर्वी, अठरावा. तो तुम्हीच काढून टाकलात, सुधारित नमुन्यात. म्हणालात, अटी घालायची लोकांना सवय लागते."

हेडसाहेब बाकावर बसले आणि बराच वेळ स्वतःविषयी विचार करत राहिले. तिथे बसून कुणीही माणूस तेच करतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. तीस वर्षं ते त्या खिडकीच्या आतल्या बाजूला होते. बाक इतका टणक असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

बाई जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, त्यांच्याशेजारी बसली, आणि म्हणाली, "साहेब, मी एक कोरा कागद जोडते. वर 'पुरवणी' लिहिते. कुणी विचारलं तर सांगेन, नियम तुम्हीच केलाय."

"तो मी केलेला नाही."

"आता करा की."

हेडसाहेबांनी केला. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी त्यांच्या हातून झालेलं ते एकमेव सरकारी काम, आणि ते म्हणत की तेवढंच एक चांगलं झालं.

एसीवाला आला. या वेळी टेप काकूंनी धरली. एक फूट आठ म्हणजे एक फूट आठ. पेट्या चढल्या, नळी जोडली गेली, सगळे जमले: मेहुणा, वहिनी, आणि मास्तर. ते आता पुढच्या दाराने यायला लागले होते. एसीवाल्याने रिमोट हेडसाहेबांच्या हातात ठेवला आणि तो पुढच्या कामाला गेला.

रिमोटवर दोन चित्रं होती, एक सूर्याचं आणि एक बर्फाच्या फुलाचं. हेडसाहेबांनी चष्मा चढवून विचार केला. सूर्य म्हणजे उन्हाळा, बर्फ म्हणजे हिवाळा. सध्या हिवाळा. त्यांनी बर्फ दाबला.

दुपारपर्यंत खोलीत बसवेना. काकू शाल गुंडाळून बसल्या, मग शालीवर शाल. मेहुणा म्हणाला, नवीन यंत्राला तापायला वेळ लागतो. वहिनी म्हणाल्या, म्हणूनच मोज्यांचं सांगत होते. काकूंनी काही न बोलता चिमट्याची पेटी बंद केली, आणि हेडसाहेबांचा चेहरा अगदी पडला. सगळं केलं, माफी मागितली, बाकावर बसलो, आणि शेवटी खोली होती त्याहून गार.

इतक्यात जुन्या भोकातून मास्तरांचा आवाज आला. ते घरी गेले होते. "काकू, लाइन क्लिअर द्या, बोलायचंय. तिकडे बर्फाचा कारखाना काढलाय का? माझे कान सुन्न झाले."

"यांनी हिवाळा लावलाय," काकू म्हणाल्या.

"हिवाळ्यात हिवाळा कशाला लावायचा? तो फुकट मिळतो. उन्हाळा लावा म्हणावं."

हेडसाहेबांनी सूर्य दाबला. यंत्र दोन मिनिटं गप्प राहिलं, जणू विचारात पडलं. मग हळूच ऊब यायला लागली. काकूंनी हात पुढे धरले, बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. मग वाकून टेबलाखालची पेटी ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढून जागच्या जागी ठेवायला लागल्या. शेवटी चिमटा काढला.

हेडसाहेब दाराशी उभे होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, तीस वर्षांचं. ते म्हणाले, "चहा करू का?"

"करा," काकू म्हणाल्या. मान वर न करता. "मास्तरांनाही करा. भोकातून कप जात नाही, हाक मारा."

मास्तरांचं घड्याळ आठ दिवसांत चालू झालं. काकूंनी जुन्या भोकात नळीचा तुकडा बसवून दोन्ही बाजूंनी झाकणं केली. रोज सकाळी आठला मास्तर पलीकडून झाकणावर दोन ठोके द्यायचे. इकडून काकू एक ठोका द्यायच्या आणि झाकण उघडायच्या. थोडी ऊब पलीकडे जायची, थोडी टिकटिक. पत्रव्यवहार बंद पडला. हेडसाहेब वर्षातून एकदा कचेरीत जाऊन बाकावर बसून यायचे. काम काही नसायचं. बाकावरच्या लोकांना ते अर्ज भरून द्यायचे, आणि सतराव्या रकान्याशी आले की सांगायचे, "आधी जाऊन भेटा. मग लिहा." काकूंचं टेबल अजून चालू आहे. कापडी टेपही तीच आहे, फक्त तिच्या टोकाला काकूंनी लाल दोऱ्याने 'बारा' शिवलंय.

स्टेशनमास्तर गेले ते जुळ्या नाती शाळेत जायला लागल्या त्या वर्षी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, मंगळवारी. आठला ठोके आले नाहीत, म्हणून काकूंनी झाकण उघडलं आणि हेडसाहेबांना पुढच्या दाराने पाठवलं. घड्याळ चालू होतं. मास्तर पहाटेच झोपेत गेले होते. वय ब्याऐंशी.